वजनाच्या रकान्यातली सही

बेळगावच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला येताना आपल्या सर्कलमधल्या कुठल्याही एका अंगणवाडीची वजनाची वही आणि भेटीचं पुस्तक सोबत आणावं, असं सुत्तोलेच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं. सुत्तोले म्हणजे परिपत्रक. आमच्या खात्याचा कारभार कन्नडमधून चालतो, त्यामुळे बेळगाव-खानापूर भागातली आम्ही मराठी माणसं सुत्तोले, नडावळी (बैठकीचा वृत्तांत), दाखलाती (नोंदी) हे शब्द आता घरचेच असल्यासारखे बोलतो.

मी सुपरवायझर आहे, माझ्या सर्कलमध्ये, म्हणजे देखरेखीखाली, २७ अंगणवाड्या आहेत. त्यातल्या तीन-चार अशा आहेत की त्यांची वही कुणालाही दाखवावी. भिंतीवर रंगीत तक्ते, वळणदार अक्षर, खाडाखोड नाही. मी मात्र जंगलाच्या बाजूच्या एका वाड्यावरची वही उचलली. ती घ्यायला हात धजत नव्हता, तरी तीच घेतली. आदल्या फेब्रुवारीत तिथं जे घडलं ते मी नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं.

खानापूरहून बेळगावला पहिली लाल बस पकडायची आणि संध्याकाळी परत यायचं, असे पाच दिवस. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही, त्यामुळे रोजचं येणं-जाणं परवडतं. पाऊस धो धो चालू होता. वही भिजू नये म्हणून मी ती तांदळाच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळली होती.

मी सुपरवायझर व्हायच्या आधी १४ वर्षं अंगणवाडी कार्यकर्ती होते. खात्यात काही जागा कार्यकर्तींमधून भरतात, त्यातून मी वर आले. चुलीवरच्या भातापासून मासिक अहवालापर्यंत सगळं या हातांनी केलेलं आहे, त्यामुळे आपल्याला आता नवीन काय शिकवणार, असं मनात होतं. कायदे, हिशेब, तक्रार निवारण, नोंदींची शिस्त असे विषय पत्रात वाचले तेव्हा पाच दिवस कन्नडमधून कलमं ऐकावी लागणार, एवढंच वाटलं.

पहिला दिवस तसाच गेला. शिकवायला धारवाडच्या एक निवृत्त अधिकारी बाई होत्या. मराठी त्यांना समजायची, पण बोलता येत नव्हती. आम्ही तीसेक जणी होतो. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी, खानापूर असं सगळीकडून आलेल्या. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि कर्नाटकात पहिलं पाऊल म्हैसूरकडच्या टी. नरसीपूरला पडलं, ही माहिती आम्हाला पाठ होती. पण बाईंनी एक प्रश्न विचारला आणि सभागृह गप्प झालं. अंगणवाडीत मूल जेवतं ते योजनेमुळे की हक्कामुळे?

आम्ही सगळ्याच योजना म्हणालो.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. त्याच्या पाचव्या कलमात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला जवळच्या अंगणवाडीतून वयानुसार मोफत आहार मिळणं हा त्याचा हक्क म्हणून लिहिला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, असं मूळ कायद्याच्या परिशिष्टात आकड्यांसकट दिलं होतं, ते परिशिष्ट २०२३ मध्ये बदललं. सहाव्या कलमात कुपोषित मूल ओळखून त्याच्यावर उपाय करायचं काम अंगणवाडीच्या हातून व्हायचं आहे. अन्न दिलं नाही तर त्याबदल्यात भत्ता द्यावा लागतो, ते आठवं कलम. मी इतकी वर्षं या खात्यात काढली, पण सहावं कलम स्वतः वाचलं ते त्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा एकदा वाचलं. ‘ओळखून’ या शब्दाशी नजर अडकत होती.

दुसऱ्या दिवशी धान्याचा हिशेब होता. बाईंनी फळ्यावर एक गणित मांडलं. एका मुलाला दिवसाला ६० ग्रॅम तांदूळ असं समजा. वहीवर २८ मुलं, महिन्याचे २५ दिवस. म्हणजे ४२ किलो लागले. प्रत्यक्षात रोज १९ मुलं येत असतील तर साडेअठ्ठावीस किलोच शिजले. मग १३ किलो ५०० ग्रॅम गेले कुठं?

हुक्केरीची एक कार्यक्षम म्हणून नावाजलेली सुपरवायझर पटकन म्हणाली, "चोरी."

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, चोरी असते तिथं असते, ती पकडायचीच. पण मला तुमच्यापैकी प्रत्येकीने खरं सांगा, २८ हा आकडा लिहिताना कार्यकर्तीच्या मनात काय असतं? आणि कन्नडमधून हळूच विचारलं, "याके भय?" भीती का?

यानंतरचा तासभर मी विसरणार नाही. एकेक जण बोलू लागली. निपाणीच्या बाजूची एक म्हणाली, आमच्याकडे आया विडी वळतात, मूल सकाळी पोचवतात आणि दुपारी घेऊन जातात, तिथं हजेरी खरीच असते. पण रस्त्याकडेच्या गावात अर्धी पोरं एलकेजीच्या पिवळ्या गाडीत बसून जातात. नाव अंगणवाडीत, मूल कॉन्व्हेंटमध्ये. कार्यकर्ती नाव कापत नाही, कारण नाव कापलं तर संख्या कमी दिसते, संख्या कमी दिसली की मीटिंगमध्ये उभं करतात आणि "तुझी अंगणवाडी शेजारच्या अंगणवाडीत घालू का?" असं विचारतात. दुसरी म्हणाली, ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांची पोरं चार महिने पालावर असतात. त्यांनाही कायद्याने कुठल्याही अंगणवाडीत आहार मिळायला हवा. पण त्यांची नावं नव्याने घातली की वजन कमी असलेल्या पोरांची संख्या वाढते, आणि मग विचारणा होते, तुझ्या सर्कलमध्ये कुपोषण अचानक कसं वाढलं? म्हणून ती पोरं वहीबाहेरच राहतात.

मी ऐकत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये मीच विचारायची, "अक्का, तुझी हजेरी एवढी कमी का? बाकीच्यांना कसं जमतं?" मी कधी कुणाला खोटं लिहायला सांगितलं नाही. पण खरं लिहिणारीला मी सगळ्यांसमोर उभं केलं होतं आणि गोल आकडे लिहिणारीला शाबासकी दिली होती. मला स्वतःला वरून असंच विचारलं जायचं, हे खरं आहे. तरी माझ्या २७ जणींपर्यंत ती भीती पोचवायचं काम मी केलं होतं.

त्या रात्री बसमध्ये बसायला जागा मिळाली होती, तरी डुलकी लागली नाही.

तिसऱ्या दिवशी वह्या उघडायच्या होत्या. स्वतःची वही शेजारणीला द्यायची आणि तिने त्यात न पटणाऱ्या जागा शोधायच्या. माझी वही रायबागच्या बाईंकडे गेली. त्यांनी पाच मिनिटांत बोट ठेवलं. एका मुलीचं वजन नोव्हेंबरात ८ किलो ४००, डिसेंबरात ८ किलो ६००, जानेवारीत ८ किलो ८००, फेब्रुवारीत ९ किलो. खालच्या मुलाचंही तसंच. त्याच्या खालच्याचंही. "अक्का, पोरं अशी पायरी चढल्यासारखी वाढतात होय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणि प्रत्येक महिन्याच्या पानाखाली माझी सही.

भेटीच्या पुस्तकात तर चौदा भेटींखाली एकच वाक्य होतं, माझ्या अक्षरात. केंद्रक्के भेटि नीडलायितु, दाखलेगळु सरियागिवे. केंद्राला भेट दिली, नोंदी बरोबर आहेत.

तेव्हा मी उभी राहिले आणि फेब्रुवारीतली गोष्ट सांगितली. कन्नडमध्ये सुरू केली, मध्येच मराठीत कधी आले ते कळलं नाही. कुणी थांबवलं नाही.

तो धनगर-गवळ्यांचा वाडा आहे. रस्ता सोडून तासभर चालावं लागतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तेही नाही. फेब्रुवारीत आरोग्य खात्याच्या बाई लसीकरणाला तिथं पोचल्या, तेव्हा त्यांनी या मुलीच्या दंडाला पट्टी लावली. ११ सेंटिमीटर २ मिलिमीटर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की ते तीव्र कुपोषण, हे आम्हाला झोपेतही विचारलं तरी सांगता येतं. त्यांनी स्वतःच्या काट्यावर वजन केलं, ते भरलं ७ किलो ४००. मुलगी २२ महिन्यांची होती. आमच्या वहीत ती ९ किलोची आणि हिरव्या पट्ट्यात.

त्यांचा मला फोन आला. मी दुसऱ्या दिवशी वाड्यावर गेले आणि कार्यकर्तीवर अक्षरशः ओरडले. ती दहा वर्षांची अनुभवी बाई आहे. खाली मान घालून उभी होती. शेवटी म्हणाली, "मॅडम, काटा बिघडून चार महिने झालेत. मागच्या वेळेला पातेलं फुटलं म्हणून सांगितलं, तर तुमी वरडला होता. काट्याचं सांगायला धीर झाला न्हाई. अंदाजानं लिवलं."

मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणच्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं म्हणजे आईला १४ दिवस तिथं राहावं लागतं. घरात दुसरं लहान मूल, म्हशी, सासू आजारी. आई तयार होईना. मी आणि ती कार्यकर्ती दोघी दोन दिवस त्या घराच्या ओसरीवर बसलो. शेवटी आजीने धाकट्याला सांभाळायचं कबूल केलं. मुलगी वाचली. आज ती धावते. पण चार महिने ती आमच्या समोर वाळत होती आणि ते चारही महिने मी "नोंदी बरोबर आहेत" म्हणून सही केली होती. त्यातल्या दोन महिन्यांत मी वाड्यावर प्रत्यक्ष गेलेही होते. वही ओसरीवर बसून तपासली. मुलीकडे मान वळवून बघितलं असतं तरी पुरे होतं.

सभागृहात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धारवाडच्या बाईंनी वही हातात घेतली आणि माझ्या सहीवर बोट ठेवून विचारलं, ही सही म्हणजे तुम्ही काय सांगताय? वही पाहिली असं सांगताय की मूल पाहिलं असं?

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही, कामाला लागल्या. वजनाची नोंद तपासायची कशी, हे त्यांनी उरलेल्या दिवसभरात हाताने करून दाखवलं. आधी काटा सपाट जमिनीवर ठेवून शून्यावर आणायचा. मग दुकानातली एक किलोची न फोडलेली साखरेची पुडी त्यावर ठेवायची. एक दाखवतो का? दोन पुड्या ठेवल्या तर दोन दाखवतो का? नसेल तर त्या दिवशी वजन घ्यायचं नाही, काटा बंद असल्याची नोंद करायची, आणि ती नोंद म्हणजे कार्यकर्तीची चूक धरायची नाही. मग वहीतली कुठलीही तीन मुलं निवडून स्वतः वजन करायचं आणि आपला आकडा शेजारी आपल्या हाताने लिहायचा. सगळ्या मुलांची वाढ सारख्याच पावलांनी होत असेल, सगळे आकडे शून्यावर संपत असतील, आजारपणाच्या महिन्यातही वजन उतरत नसेल, तर तिथं थांबायचं. इतकं साधं. खात्याने दिलेल्या कुठल्याच छापील तपासणी-पत्रकात पुडीचा उल्लेख मी पाहिला नव्हता.

मोबाईलवरच्या नोंदींबद्दलही त्या बोलल्या. पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप २०२१ पासून आहे आणि जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखून पडताळणी सक्तीची झाली आहे. आमच्या जंगलपट्टीत रेंज मिळायला टेकडीवर चढावं लागतं. बाळंतीण बाई फोटोसाठी टेकडी चढणार का, हा आमचा प्रश्न होता. त्यावर उत्तर मिळालं ते अर्धंच, पण एक गोष्ट पक्की सांगितली गेली. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला लाभ नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालातच म्हटलं आहे. मशीन अडलं म्हणून ताट अडायचं नाही. अडचण लिहून वर पाठवायची आणि त्या कागदाची प्रत आपल्याकडे ठेवायची. प्रत ठेवायची, हे त्या पाच दिवसांत त्यांनी किती वेळा सांगितलं असेल.

चौथा दिवस कायद्यांचा होता, तो मी थोडक्यात सांगते. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात असं काही कळलं किंवा शंका आली तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. गावात मिटवू, पंचांना सांगू, आधी खात्री करू, असं करायला जागा नाही. मुलाला पुन्हा पुन्हा विचारून त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही. एका सहकारी बाईंनी विचारलं, गावात राहायचं आहे, नाव उघड झालं तर? त्या प्रश्नावर बराच वेळ गेला आणि जायलाच हवा होता. कार्यकर्ती त्याच गावची सून असते. १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करता येतो, आणि कार्यकर्तीने सुपरवायझरला सांगितलं तर पुढचं पाऊल सुपरवायझरने तिच्या सोबत उभं राहून टाकायचं, तिला एकटं सोडायचं नाही, यावर आम्ही सगळ्या एकमत झालो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कामाच्या जागी बाईला त्रास झाला तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, हे निम्म्या जणींना माहीत नव्हतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कार्यकर्ती आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, त्याची माहिती मात्र सगळ्यांना होती, तारखेसकट.

पाचव्या दिवसाचा विषय सामाजिक लेखापरीक्षण. अन्न सुरक्षा कायद्याच्या २८ व्या कलमात ते आहे. गावाने स्वतः हिशेब तपासायचा. इथं मी हात वर केला, कारण आमच्या भागाचा खरा गुंता इथंच आहे.

आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर धान्य किती आलं, किती मुलांना शिजलं, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं लिहिलेलं असतं. कन्नडमध्ये. बालविकास समितीची नडावळी कन्नडमध्ये. खानापूरच्या कितीतरी गावांत आया मराठी शाळेत शिकलेल्या आहेत. कन्नड त्या बाजारात बोलतात, पण वाचत नाहीत. मग त्या हिशेब तपासणार कसा? नडावळीखाली त्या सही करतात तेव्हा माझ्यासारखीच करतात, न बघता.

मला वाटलं होतं, या प्रश्नाने वातावरण तापेल. बेळगावात भाषेचं नाव काढलं की माणसं जपून बोलतात. पण बाईंनी माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा उघडला आणि चौथं कलम वाचून दाखवलं. लोकांना माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात पोचायचा सर्वांत परिणामकारक मार्ग यांचा विचार करायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, दप्तर कन्नडमध्ये ठेवा, ती राज्याची भाषा आहे, नियम आहे. पण आईला जे कळलं पाहिजे ते आईला वाचता येईल असं नसेल, तर तुम्ही ते जाहीर केलेलंच नाही. धारवाडच्या कन्नड बाईंच्या तोंडून हे ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांशी बोलायची भाषा घरचीच असावी, हे २०२० च्या शिक्षण धोरणातही आहे. पण आयांशी हिशेब बोलायची भाषा कुणी आम्हाला अशी सांगितली नव्हती.

सीमेचा आणखी एक गुंता त्या दिवशी निघाला. आमच्याकडच्या कितीतरी सुनांचं माहेर चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडे. पहिल्या बाळंतपणाला त्या सातव्या महिन्यात माहेरी जातात, ते बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर येतात. इथं मातृपूर्णा योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत बसून गरम जेवण मिळतं. ती तिकडे गेली की नाव इथं तसंच राहतं. तिकडच्या अंगणवाडीत तिला म्हणतात, तुमचं नाव कर्नाटकात आहे. म्हणजे ज्या महिन्यांत तिला सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच महिन्यांत ती दोन राज्यांच्या मधे उपाशी. आणि इथल्या वहीत ती रोज जेवते. चिक्कोडीच्या बाईंनी सांगितलं की ॲप दोन्ही राज्यांत एकच आहे, त्यात स्थलांतराची सोय आहे, इथून सोडलं तर तिकडे घेता येतं. फक्त इथल्या कार्यकर्तीने संख्या कमी होऊ द्यायला हवी. पुन्हा तीच भीती. परत आल्यावर मी सीमेपलीकडच्या एका मुख्यसेविकेचा नंबर मिळवला. आपण इथं सुपरवायझर म्हणतो, तिकडे मुख्यसेविका. काम तेच. त्या दिवसापासून आम्ही दोघी माहेरी आलेल्या-गेलेल्या बायकांची नावं एकमेकींना कळवतो. आतापर्यंत सहा जणींची नोंद अशी जुळली.

प्रशिक्षण संपल्यावरच्या पहिल्या मीटिंगमध्ये मी २७ जणींसमोर माफी मागितली. भाषण केलं नाही. फेब्रुवारीची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, यापुढे हजेरी कमी म्हणून मी कुणाला उभं करणार नाही, काटा बिघडला तर त्याच दिवशी मला फोन करा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना वेळ लागणार होता. पहिल्या महिन्यात फक्त चौघींनी नावं कमी केली. दुसऱ्या महिन्यात अकरा जणींनी. माझ्या सर्कलचा पटाचा आकडा ७४ ने खाली आला. मला कार्यालयात बोलावणं आलं. मी एलकेजीत जाणाऱ्या मुलांची यादी, स्थलांतराच्या नोंदी आणि बंद काट्यांची पत्रं, सगळ्यांच्या प्रती टेबलावर ठेवल्या. बोलणी खावी लागली, थोडी. पण कागद पुढे होते, त्यामुळे माझा आवाज बसला नाही. त्या भेटीत सहा काटे मंजूर झाले. २०१७ साली केंद्राने एका मुलाच्या आहारासाठी रोजचे ८ रुपये ठरवले. ७४ मुलांचे, २५ दिवसांचे १४ हजार ८०० रुपये होतात. तेवढ्या पैशाचं धान्य दर महिन्याला नसलेल्या तोंडांच्या नावावर लागत होतं, आणि पालावरची पोरं वहीबाहेर होती. यंदा गाळप सुरू होईल तेव्हा माझ्या रस्त्याकडेच्या तीन गावांतल्या पालावर आम्ही नावं घालायला जाणार आहोत. कुपोषणाचा आकडा वाढेल. वाढू दे.

वाड्यावर मी पुढच्या वजनाच्या दिवशी गेले, पाऊस उघडल्यावर. भिंतीवर कार्यकर्तीने मराठीत लिहून ठेवलं होतं, आज मुलं किती, तांदूळ किती, डाळ किती, अंडी किती. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण ओसरीवर बसलेली एक सून ते मोठ्याने वाचून सासूला सांगत होती. मी हिशेब मराठीत वाचून दाखवला. पहिल्यांदा सगळ्या गप्प होत्या. मग एकीने विचारलं, "बाई, डाळ गेल्या महिन्यात आठ दिवस नव्हती, ते कुठं लिवलंय?" लिहिलेलं नव्हतं. तिच्यासमोर लिहिलं, तारखांसकट, आणि नडावळीत तिची सही घेतली. या वेळी तिने सही करायच्या आधी विचारलं की वर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं.

नवा काटा खोक्यातून काढून कार्यकर्तीने जमिनीवर ठेवला. पुड्या आणायला मी विसरले होते. इतका विचार करून निघाले आणि नेमकं तेच विसरले. तेवढ्यात त्या मुलीची आजी काठी टेकत आली. धाकट्याला सांभाळायला कबूल झालेली तीच. मागच्या खेपेला मी साखरेच्या पुडीचं सांगितलं होतं, ते तिने ध्यानात ठेवलं होतं. पदराखालून तिने साखरेची न फोडलेली पुडी काढली आणि काट्याजवळ ठेवली. मुलगी तिच्या लुगड्याला धरून उभी होती.

"पयला ही मोजा," आजी म्हणाली. "मग पोरीला."